तपासलेली पिशवी

मी रोज सकाळी स्वतःचा पेला घेऊन हाजिया लारिबांच्या पेजेच्या रांगेत उभा राहायचो. त्या पेल्यावरून माझी जेवढी थट्टा झाली तेवढी आमच्या आशायमन गावात दुसऱ्या कुणाची झाली नसेल. मी ती सगळी हसून सोसली, कारण थट्टेच्या आड लपायला बरं पडतं.

साधा स्टीलचा, झाकणाचा पेला. पण बुकारीला तेवढं निमित्त पुरे. बुकारी म्हणजे चौकात मोटारसायकली दुरुस्त करणारा. मी लांबून दिसलो की रांगेतूनच म्हणायचा, "सरका रे, मास्तरांचं टमरेल आलं."

रांग हसायची. हाजियाही हसायच्या, पण मग डाव उगारून त्याला गप्प करायच्या. "असू दे. शिकलेला माणूस आहे. शिकलेल्यांची पोटं नाजूक असतात."

खरं तर मी मास्तर-बिस्तर कुणी नाही. तेमा शहराच्या वाटेवर पिशव्यांचा एक कारखाना आहे, तिथल्या लॅबमध्ये मी बारा वर्षं काढली. लॅब म्हणजे एक टेबल, एक तराजू, एक भट्टी आणि मी. पण एकदा घाईत पांढरा कोट अंगातच राहिला आणि तसाच चौकात उतरलो, तेव्हापासून लॅबमास्तर झालो. माझं नाव सेन्यो दोत्से आहे हे तिथं कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही.

हाजियांचा कोको म्हणजे बाजरीची आंबवलेली पेज. आलं, लवंग, मिरची घातलेली, आणि पातेल्यात शेवटपर्यंत रटरटणारी. सोबत चवळीचे गरम वडे. सकाळी साडेपाचला त्या चौकात बसतात आणि आठला उठतात. भोपळ्याच्या डावाने पेज घ्यायची, पातळ पिशवीत ओतायची, वरून साखर, गाठ मारून हातात. घेणारा पिशवीचा कोपरा दाताने तोडतो आणि चोखत चोखत गाडीत चढतो. निम्म्या गावाची न्याहारी अशीच होते. पेला घ्यायच्या आधी माझीही तशीच व्हायची.

गेल्या वर्षी आमच्या कारखान्याने ब्रेडवाल्यांसाठी नवी पांढरी पिशवी काढली. पिशवी मऊ राहावी, एकमेकींना चिकटू नये, पांढरी दिसावी म्हणून प्लास्टिकात काय काय मिसळतात, आणि त्यातलं थोडं अन्नात उतरतं. किती उतरतं ते बघणं हेच माझं काम. पिशवीच्या पट्ट्या कापायच्या, व्हिनेगर घातलेल्या पाण्यात बुडवायच्या, कोमट भट्टीत दहा दिवस ठेवायच्या, मग पाणी आटवून तळाशी काय उरलं ते तोलायचं. पिशवी पास झाली. मी कागदावर सही केली आणि खाली स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली: कोरड्या व थंड पदार्थांसाठी, उकळत्या पदार्थांसाठी नाही. मग पिशवीवर निळ्या शाईत पेला आणि काट्याचं चित्र छापलं गेलं. अन्नाला चालते, अशी ती खूण. माझी ओळ फायलीत राहिली.

पंधरा दिवसांत तीच पिशवी हाजियांच्या टेबलावर. कुठल्या दुकानातून आणली देव जाणे. त्यांना ते चित्र फार आवडलं होतं.

"बघ, पेला काढलाय," त्या मला म्हणाल्या. "म्हणजे खास प्यायचीच पिशवी."

दुसरं काय वाटणार होतं त्यांना? काट्याने खातंय कोण आमच्याकडे? पेला मात्र सगळ्यांना कळतो. मी काही बोललो नाही. पण त्या दिवशी कारखान्यात गेल्यावर कुणी न सांगता पट्ट्या पुन्हा कापल्या आणि या वेळी आंबट पाण्यात चांगल्या उकळल्या, दोन तास. पाणी आटवलं तर बशीत पिवळट, मेणचट थर राहिला. तोलला. चालतं त्याच्या तिप्पट. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तो थर नेमका कशाचा, हे ओळखायचं यंत्र आमच्याकडे नाही. बोटाला लागला तो साबणानेही लवकर निघाला नाही, एवढं मला माहीत.

आमच्या क्वार्शी साहेबांना आकडा दाखवला. साहेब माणूस वाईट नाही, माझ्या आईच्या आजारपणात त्यांनी मला तीन आठवडे भरपगारी सोडलं होतं. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"सेन्यो, ब्रेड उकळतो का रे कधी?"

"नाही साहेब."

"मग झालं तर. आपण ब्रेडवाल्यांना विकतो. उद्या लोकांनी पिशवीची टोपी करून घातली आणि डोकं खाजलं, तर तेही तूच तोलणार का?"

मी हसलो. साहेबांनी विनोद केला म्हणून हसलो, आणि हसल्यावर पुढचं काही बोलायला तोंडच राहिलं नाही. कागद फायलीत लावला. संध्याकाळी बाजारात जाऊन पेला विकत घेतला.

एवढी मोठी गोष्ट कळली आणि मी काय केलं, तर स्वतःपुरता पेला घेतला. हे लिहिताना आजही कानशिलं तापतात.

डिसेंबरात वाळवंटाकडून धुळीचं वारं सुटलं, आणि त्याच आठवड्यात रेडिओवर कुणीतरी बाई बोलल्या की कढत अन्न प्लास्टिकमध्ये घेऊ नका. दुसऱ्या दिवशी रांग गप्प गप्प. हाजियांनी घरून भोपळ्याच्या जुन्या वाट्या आणल्या होत्या, त्यातून प्यायचं म्हणजे तिथंच उभं राहून, फुंकर मारत. कामावर जाणाऱ्यांना कुठली सवड? दोघं-तिघं न घेताच गेले. एक बाई पिशवी हातात घेऊन नुसती बघत राहिली.

हाजियांच्या मागे त्यांची लेक झुवेरा वडे तळत बसलेली. तिला चौथा महिना होता. आधीचे दोन गर्भ पाचव्या महिन्याच्या आत पडले होते, हे चौकात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. ती तळणं आटपून शिवणाच्या दुकानात जायची आणि जाताना कोकोची पिशवी घेऊन जायची. दुसरं काही तिच्या पोटात ठरतच नव्हतं. त्या दिवशी हाजियांनी तिला पिशवी दिली नाही.

"आई, मला उशीर होतोय."

"थांब. वाटीतून पी."

"वाटी दुकानात नेऊ? कापडावर सांडली म्हणजे?"

तेवढ्यात बुकारी म्हणाला, "अहो, रेडिओला काय विचारता? ज्याने पिशवी बनवली तो इथंच उभा आहे. काय मास्तर, सांगा की."

सगळी रांग माझ्याकडे वळली. पंचवीस-तीस माणसं. बारा वर्षांत लॅबमध्ये मला कुणी एवढ्या आतुरतेने काही विचारलं नव्हतं. हाजियांनी डाव पातेल्यावर आडवा ठेवला आणि हात पुसून उभ्या राहिल्या.

"पोरा, तू सांगशील ते खरं. ही पिशवी चांगली की वाईट?"

वाईट म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग बनवता कशाला? आणि त्याच्या पुढचा: तुला कधीपासून माहीत होतं? माझी पाचावर धारण बसली. आणि खरं सांगायचं तर नुसती भीती नव्हती. त्या नजरा मला आवडल्या. आपण मोठे आहोत असं वाटलं.

"माझ्या हाताने तपासली आहे," मी म्हणालो. "मीच सही केली आहे. रेडिओवाले म्हणतात ती रस्त्यावरची काळी पिशवी. ही पांढरी खुशाल घ्या."

मी म्हणालो त्यातली दोन वाक्यं अगदी खरी होती, आणि ती खरी होती म्हणूनच तिसरं खपलं.

रांगेने सुटकेचा श्वास टाकला. हाजियांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, मी त्रेचाळीस वर्षांचा घोडा. मग त्यांनी झुवेराची पिशवी भरली, साखर घातली, गाठ मारली. आणि मग माझा पेला भरला. मी तो घेतला. माझ्या हातातल्या पेल्याकडे कुणाचंही लक्ष गेलं नाही. असं मला वाटलं.

त्या दिवसापासून हाजियांना नवा मंत्रच मिळाला. कुणी नवखं कुरकुरलं की त्या म्हणायच्या, "मास्तरांनी तपासलंय." गिऱ्हाईक वाढलं. दुसऱ्या चौकातल्या बायकाही तीच पिशवी मागायला लागल्या. क्वार्शी साहेब खुशीत होते, खप अचानक का वाढला ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

झुवेरा मात्र माझ्यासारखीच शंकेखोर निघाली. एका सकाळी ती माझ्या मागोमाग बसथांब्यापर्यंत आली. हातात पिशवी, अजून न फोडलेली.

"काका, एक विचारू? आईसमोर नाही विचारलं. खरंच ना? तुम्हाला माहितीये माझं."

तिने पोटावर हात ठेवला नाही, काही नाही. नुसती माझ्याकडे बघत होती. तिच्या कपाळावर चुलीची राख लागलेली होती. मी तेव्हा बोललो असतो तर तिघांपुरतीच गोष्ट राहिली असती, ती, तिची आई आणि मी. माझी अब्रूही फारशी गेली नसती.

"अगं खरंच," मी म्हणालो.

तिने कोपरा दाताने तोडला आणि चोखत निघून गेली. रांगेत बोललो ते एकवेळ घाबरून बोललो असं म्हणता येईल. इथं मला कोण घाबरवत होतं?

मग मन खायला लागलं. तिचा पाचवा महिना आला. मी रोज चौकात पोचायच्या आधी लांबून बघायचो की ती तळायला बसलीये का. बसलेली दिसली की जीव भांड्यात पडायचा आणि लगेच ती पिशवी उचलताना दिसली की पुन्हा टांगणीला लागायचा. एकदा मी बाजारातून फुलाफुलांचा झाकणाचा पेला आणला आणि तिच्यापुढे ठेवला.

"हे काय काका?"

"तुला. दुकानात न्यायला. गरम राहतं."

झुवेरा खूश झाली. बुकारी म्हणाला, "घ्या, टमरेलाला पिल्लू झालं." चार दिवसांनी शिवणाच्या दुकानावरून गेलो तर त्या पेल्यात टाचण्या आणि बटणं. तिने लाजत सांगितलं, "दुकानातल्या पोरी हसतात हो. म्हणतात, मास्तरीण झालीस का."

मी वाट बदलून बघितली. आठवडाभर मागच्या गल्लीतून थांब्यावर गेलो. आठव्या दिवशी हाजियांनी बुकारीला माझ्या खोलीवर पाठवलं, मास्तर आजारी आहेत का बघून ये म्हणून, आणि त्याच्याबरोबर कोको. पांढऱ्या पिशवीत, गाठ मारलेला. बुकारी गेल्यावर मी तो मोरीत ओतला. ओतताना मला शिसारी आली ती कोकोची नव्हे.

झुवेराचे दिवस भरले. मे महिन्यात मुलगी झाली, धडधाकट, तीन किलोच्या वर. मी ती बातमी रांगेत ऐकली आणि मला रडूच आलं. लोकांना वाटलं केवढा जीव आहे या माणसाला. बुकारीसुद्धा थट्टा विसरला.

इथं मी सुटलो असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं. पोर सुखरूप, आई सुखरूप, मग आता कशाला उकरायचं? फायलीतला कागद फायलीत राहू दे. आठव्या दिवशी बारशाला मी नवा शर्ट घालून गेलो. मुलीचं नाव नफिसा ठेवलं. हाजियांनी मला मौलवींच्या शेजारी बसवलं, पाहुण्या बायकांना माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, "हाच तो. नऊ महिने लेकीच्या पोटात दुसरं काही राहिलं नाही, नुसता माझा कोको आणि याचा शब्द."

बायका माझ्याकडे बघून मान डोलवत होत्या. मी खजूर हातात धरून बसलो होतो, तोंडात घालवेना.

मग हाजिया माझ्या कानाशी वाकल्या. बाळंतिणीला चाळीस दिवस कढत, तिखट पेज द्यायची झोंगोतली, म्हणजे आमच्याकडच्या मुसलमान वस्तीतली रीत. जितकी कढत तितकं दूध चांगलं, असं बायका मानतात. हाजिया चौकात बसतात आणि लेक घरी, दहा मिनिटांवर.

"पूर्वी मी एवढ्यासाठी धंदा बंद ठेवला असता," त्या म्हणाल्या. "आता चिंता नाही. पातेल्यातून उकळती उकळती पिशवीत ओतते, फडक्यात गुंडाळते, बुकारी गाडीवरून पोचवतो. दिवसातून तीन वेळा. पोचते तेव्हासुद्धा हात लावू देत नाही इतकी कढत असते. तुझ्यामुळे."

आत झुवेरा नफिसाला पाजत बसली होती. दाराच्या पडद्याखालून तिचे पाय दिसत होते. शेजारी फडक्यात गुंडाळलेली पिशवी.

 मी बारशाचं जेवण न जेवताच उठलो, पोट बिघडल्याचं सांगितलं. हाजिया म्हणाल्या, "बघा, मी म्हणते ना, नाजूक."

त्याच दिवशी कारखान्यात जाऊन मी फाईल उघडली, तो कागद बाहेर काढला आणि घडी घालून खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात गेलो. पेला हातात होताच, सवयच ती. माझी पाळी आली तेव्हा मी हळूच म्हणालो, "हाजिया, जरा बाजूला येता? पिशवीबद्दल बोलायचंय."

"आता? पातेलं सोडून?" त्या डावाने ढवळत होत्या. "इथंच सांग की. पिशवीबद्दल मला रोज दहा जण विचारतात. ऐकू दे सगळ्यांना."

मागे रांग होती. तीच माणसं, बहुतेक. मी ज्या जागेवर उभा राहून खोटं बोललो होतो त्याच जागेवर उभा होतो, फरशीसुद्धा तीच. वाटलं, बरोबर आहे, इथंच सांगायला हवं.

"ही पिशवी कढत कोकोसाठी नाही," मी म्हणालो. "थंड आणि कोरड्यासाठी आहे. मी ती उकळून बघितली. त्यातलं काहीतरी उतरतं, चालतं त्याच्या तिप्पट. काय उतरतं ते मला माहीत नाही. हा कागद."

हाजियांना इंग्रजी वाचता येत नाही. त्यांनी कागदाकडे बघितलंही नाही.

"कधी बघितलंस उकळून?"

"रेडिओच्या आधी."

 मग मागून एक जण म्हणाला, "म्हणजे आम्ही सहा महिने..." दुसरी एक बाई म्हणाली, "ते सगळं ठीक आहे, पण माझी सहाची गाडी आहे, मला पिशवीतच द्या." तिला कुणी हसलं नाही. बुकारी रांगेतून पुढे आला होता. त्याच्या हातात फडक्यात गुंडाळलेली सकाळची पहिली पिशवी होती, झुवेराकडे न्यायची. त्याने ती टेबलावर परत ठेवली. ठेवताना जपून ठेवली.

मला वाटलं हाजिया आता ओरडतील. डाव फेकून मारतील. मला ते हवं होतं, खरं सांगतो, मी त्यासाठी खांदे आवळून उभा होतो. त्या तशाच उभ्या राहिल्या. वाफेने त्यांचा चेहरा ओला झाला होता. मग त्यांची नजर माझ्या हातावर आली आणि तिथंच थांबली.

"मग तू तुझा पेला का आणत होतास?"

आवाज चढलेला नव्हता. खरोखर विचारत होत्या, एखादी न कळलेली गोष्ट विचारावी तशा. मी तोंड उघडलं. याचं उत्तर एका वाक्याचं होतं आणि मी ते बोलायच्या आधीच तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांना कळून चुकलं होतं. 

"आम्ही तुझ्या पेल्याला हसत होतो," हाजिया म्हणाल्या. "मी म्हणत होते, नाजूक पोट."

त्यांनी हात पुढे केला. मी पेला दिला. त्यांनी तो राखेने घासला, उकळत्या पाण्याने दोनदा विसळला, झुवेराची पिशवी कापून बाजूला ओतली, पातेल्यातून नवी पेज घेऊन पेला काठोकाठ भरला आणि झाकण लावून बुकारीच्या हातात दिला. "सांडू नको," एवढंच म्हणाल्या. बुकारी निघाला. माझ्याजवळून जाताना तो थांबला, मला वाटलं आता काहीतरी बोलेल, टमरेलाबद्दलच बोलेल, आणि मी त्याचा जन्मभर ऋणी राहीन. त्याने झाकण दाबून बघितलं आणि गाडीला किक मारली.

मी कारखान्यात गेलो. क्वार्शी साहेबांना सांगितलं की ती ओळ पिशवीवर छापायला हवी, मोठ्या अक्षरात. साहेबांनी बघू म्हटलं. मी म्हटलं, साहेब, मी चौकात सांगून आलोय.  माझी नोकरी अजून आहे. किती दिवस, ते माहीत नाही, आणि खरंच सांगतो, त्याची फारशी फिकीरही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मी पेल्याशिवाय रांगेत उभा राहिलो. जाऊ नये असं फार वाटत होतं. हाजियांच्या टेबलावर पत्र्याच्या वाट्या, भोपळ्याच्या वाट्या, आणि पाटी टांगलेली: घाई असेल त्यांनी घरून डबा आणावा. रांग निम्मी झाली होती. बाकीचे रस्त्यापलीकडे नव्या कोकोवालीकडे गेले होते, ती अजून पिशवीतच देते. हाजियांनी तिकडे मान वळवून बघितलं नाही.

माझी पाळी आली. मी वाटीकडे हात केला. त्यांनी वाटी मागे ओढली. मग खाली वाकून टेबलाखालून पांढऱ्या पिशव्यांची जुडी काढली, त्यातली एक सोडवली, तोंडाने फुंकून उघडली. पातेल्याच्या तळातून, जिथं सगळ्यात जास्त रटरटतं तिथून, पेज घेतली. साखर दोन चमचे. मी दोन घेतो हे त्या विसरल्या नव्हत्या. गाठ मारली आणि पिशवी माझ्या हातात ठेवली.

"घे. तपासलेली आहे."

मी कोपरा दाताने तोडला आणि तिथंच उभा राहून प्यायलो. जीभ पोळली, टाळू पोळली. सगळे बघत होते. पिशवी रिकामी होईपर्यंत हाजियांनी पुढच्या माणसाची वाटी भरली नाही. मग रिकामी पिशवी माझ्या हातातून घेतली, बादलीत टाकली आणि म्हणाल्या, "पुढचा."

माझा पेला रोज सकाळी, दुपारी, संध्याकाळी बुकारीच्या गाडीवरून झुवेराकडे जातो. नफिसा बाळसं धरतेय असं ऐकतो. बुकारी आता माझी थट्टा करत नाही, मला अहो-जाहो करतो, आणि ते मला जास्त लागतं.

जुडीत शंभर पिशव्या असतात. हाजिया त्या दुसऱ्या कुणाला देत नाहीत, रोज माझ्यासाठी एक काढतात. रस्त्यापलीकडची बाई कालच मला हाक मारत होती, तिने म्हणे आता कप ठेवलेत. मी हाजियांच्याच रांगेत उभा राहतो.